गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर

सोफ्याच्या मिस्त्रीच्या घरात बसायला जागा नसते. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण मिस्त्रीणबाई लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून हेच बघत होत्या. घर दोन खोल्यांचं. पुढची खोली नावाला घराची, बाकी सगळी धंद्याची. कधी तिथे दातांच्या डॉक्टरांकडची बाकडी पाय वर करून पडलेली असत, तर कधी कुणाच्या आजोबांची आरामखुर्ची पोट फाडून घेऊन आलेली असे. स्प्रिंगा, काथ्या, फोमचे तुकडे, रेक्झिनच्या गुंडाळ्या. यातून अंग चोरत आत गेलं की मग तिघांचं खरं घर: एक लोखंडी कॉट, एक ओटा, एक सतरंजी आणि खिडकीत पोरीची पुस्तकं.

पोरीला सगळे सुतळी म्हणत. उंच, बारीक, आणि एकदा गाठ मारली की सुटायची नाही. या सुतळीला जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. "बाप मेलेल्या खुर्च्यांत जीव घालतो, आता लेक जित्या म्हशींत घालणार," असं शेजारची इस्त्रीवाली सगळ्यांना सांगत सुटली होती. प्रवेश मार्कांवर मिळाला, पण फी काही मार्कांवर भरता येत नाही. फी आणि हॉस्टेल धरून जो आकडा होता तो ऐकून मिस्त्रीणबाईंनी नुसतंच "बरं" म्हटलं होतं. माणूस फार घाबरला की बरंच म्हणतो.

कॉलेजचा एक मदतनिधी होता. ज्यांना परवडत नाही त्यांची फी तो निधी भरायचा. सुतळीने अर्ज केला, उत्पन्नाचा दाखला जोडला, बापाची सही घेतली. मिस्त्रीने मुकाट्याने सही केली. कागदाचं त्याला वावडं नव्हतं. कागद बिचारा गप्प बसतो. मिस्त्रीचं वाकडं होतं ते तोंडाने सांगण्याशी. त्याच्या धंद्याचं एकच शास्त्र होतं: कारागिराने रडायचं नाही. गिऱ्हाइकाला एकदा वास लागला की याच्या घरात चणचण आहे, की भाव पाडलाच म्हणून समजा. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यामुळे "काय मिस्त्री, कसं काय?" असं कुणीही विचारलं, की त्याचं उत्तर ठरलेलं. "झकास! काही कमी नाही." डब्यात साखर नसली तरी झकास.

निधीच्या तपासनीस बाई घर बघायला आल्या त्या दुपारी सुतळी वाचनालयात गेली होती. मिस्त्री ओठांत बारीक खिळे धरून एका खुर्चीला कापड ठोकत होता. मिस्त्रीणबाईंची जी धांदल उडाली! दारी आलेल्या बाईला सतरंजीवर बसवायचं? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ त्या वाइन रंगाच्या मखमली सोफ्याकडे हात केला. सोफा एका लग्नाच्या हॉलच्या मालकाचा होता. सकाळीच तयार झाला होता आणि संध्याकाळी जायचा होता. गिऱ्हाइकाच्या वस्तूला घरच्यांनी बूड टेकवायचं नाही असा मिस्त्रीचा कडक नियम होता, पण पाहुणीसाठी त्यानेही मान वळवून घेतली.

"बसा हो मॅडम, अशा ऐसपैस बसा."

मॅडम बसल्या त्या मखमलीत रुतल्याच. "वा! घर छान ठेवलंय."

"आपलंच समजा," मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला पळाल्या.

"काय मिस्त्री, कसं काय चाललंय?"

मिस्त्रीने खिळे तळहातावर काढले. "झकास! काही कमी नाही."

मॅडमनी फोटो काढले. मिस्त्रीणबाईंनी मधेच "थांबा हं" म्हणून उशी सरळ केली, म्हणजे फोटो चांगला यावा. चहा झाला, हसणंखिदळणं झालं, बाई गेल्या. सुतळी परत आली तेव्हा आईचा चेहरा नुसता फुलला होता.

"अगं, काय खूश होऊन गेल्या त्या! काही म्हणजे काही शंका काढली नाही."

सुतळीने खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नाही. "आई, तू त्यांना बसवलंस कुठे?"

मिस्त्रीणबाईंनी सांगितलं. मग तिघांनीही सोफ्याकडे पाहिलं. काही न बोलता तो इतका श्रीमंत दिसत होता की काय सांगावं.

उत्तर आलं ते असं: अर्ज नामंजूर. कुटुंबाची राहणी उत्पन्नाच्या दाखल्याशी जुळत नाही. घरात उंची फर्निचर आढळले. फी महिनाअखेरपर्यंत न भरल्यास जागा पुढच्या विद्यार्थ्याला देण्यात येईल.

सुतळी आधी हसली. खो खो हसली. मग तशीच हसता हसता रडायला लागली, आणि ते मात्र मिस्त्रीणबाईंना बघवेना.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मी मेली हौशी!"

"तुझं नाही गं. बाबांना विचारलं तर त्यांनीही झकास म्हणून सांगितलं."

मिस्त्री काथ्या पिंजत होता. "मग काय गळा काढायचा होता परक्या बाईपुढे?"

"गळा काढायचा नव्हता, बाबा. खरं सांगायचं होतं."

"तेच ते."

"तेच ते नाही!" सुतळी इतक्या जोरात म्हणाली की इस्त्रीवालीच्या दुकानातला रेडिओ बंद झाला. भांडण ऐकायचं म्हणजे तिला शांतता लागायची. "मी अर्ज केलाय, भीक नाही मागितली. तुम्ही गिऱ्हाइकाकडे मजुरी मागता तेव्हा भीक मागता का?"

मिस्त्री काथ्या पिंजतच राहिला. पण रात्रभर काथ्याची धूळ बसल्यासारखा तो घसा खाकरत राहिला, हे मिस्त्रीणबाईंनी ऐकलं.

सुतळीने फेरतपासणीचा अर्ज टाकला. निधीच्या अध्यक्षीणबाई स्वतः येऊन बघतील, असं कळवण्यात आलं. झालं! सल्ले द्यायला इस्त्रीवाली हजर.

"वहिनी, माझं ऐका. सगळं सामान माझ्याकडे लोटा. घर रिकामं करा. तुम्ही तो विटका गाऊन घाला, भाऊजींना जरा खोकायला सांगा."

मिस्त्रीणबाईंना ते पटायला लागलं होतं. त्यांनी गाऊन शोधूनही ठेवला. पण मिस्त्री उखडला. "मी खोकणार नाही. श्रीमंतीचं सोंग केलं त्याचं हे फळ मिळालं, आता गरिबीचं सोंग करू? घर आहे तसं राहील."

"आहे तसं म्हणजे कसं, ते बघा तरी!" मिस्त्रीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. कारण मखमली सोफा गेला होता खरा, पण हॉलवाल्याने त्याच टेम्पोतून नवीन काम पाठवलं होतं. लग्नात नवरा-नवरी बसतात त्या दोन खुर्च्या. खुर्च्या कसल्या, सिंहासनंच ती! उंच पाठी, सोनेरी रंग, हातांच्या जागी सिंहाची तोंडं. दारातून आत पाऊल टाकलं की आधी सिंह दिसायचे, मग माणसं.

अध्यक्षीणबाई आल्या तेव्हा तपासनीस मॅडमही बरोबर होत्या. दारातच मॅडमनी सिंहांकडे बोट केलं आणि "बघा" अशा अर्थाने भुवया उडवल्या. अध्यक्षीणबाई पिकल्या केसांच्या, हातात काठी, चालून दमलेल्या. त्यांनी बसायला जागा शोधली.

आणि मिस्त्रीणबाईंचा हात आपोआप सिंहासनाकडे गेला. हात सवयीचा गुलाम. जन्मभर त्या हाताने आल्यागेल्याला घरातलं चांगल्यात चांगलं दाखवलं होतं. मिस्त्रीणबाईंनी हात अर्ध्यात थांबवला, आवळला, आणि म्हणाल्या, "इथे नका बसू बाई. हे आमचं नाही."

एवढं एकच वाक्य. पण ते बोलताना त्यांचे कान तापले. "आमची बसायची जागा आत आहे. सतरंजी आहे. तुम्हाला खाली बसवत नसेल तर कॉट आहे, पण ती जरा कुरकुरते."

"माझे गुडघेही कुरकुरतात," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "जमेल आमचं."

त्या आत जाऊन कॉटवर बसल्या. कॉट कुरकुरली. तिथून त्यांना ओटा दिसला, भिंतीला टांगलेले तिघांचे कपडे दिसले, खिडकीतली पुस्तकं दिसली. तपासनीस मॅडम मात्र दारातच उभ्या होत्या. "पण मागच्या वेळी तर मखमली सोफा होता. हे स्वतः म्हणाले होते, काही कमी नाही म्हणून."

"म्हणालो होतो," मिस्त्री म्हणाला.

"मग खरं काय? महिन्याला हातात येतं तरी किती?"

मिस्त्रीने तोंड उघडलं, आणि नेमका तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "काय मिस्त्री, कुठवर आल्या आमच्या खुर्च्या?" हॉलवाला! पांढरे बूट, हातात गाडीची किल्ली. आला आणि सिंहाच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. "चालू द्या, चालू द्या. मला घाई नाही."

या माणसाचं काम म्हणजे त्यांच्या घराची अर्धी चूल. दर वर्षी तो भाव पाडायला निमित्त शोधायचा आणि दर वर्षी मिस्त्री "काही कमी नाही" या एका वाक्यावर त्याला परतवून लावायचा. आता त्याच्या देखत मूठ उघडायची? अन् नाही उघडली तर पोरीची जागा गेली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने सुतळीकडे पाहिलं. ती नुसती ताठ उभी राहिली, ताणलेल्या दोरीसारखी.

मग मिस्त्री पुढे झाला, एक सिंहासन दोन्ही हातांनी धरलं आणि पालथं केलं. खालून फाटकं गोणपाट लोंबत होतं, गंजलेल्या स्प्रिंगा बाहेर आल्या होत्या.

"हे या साहेबांचं. तो सोफाही यांचाच. लोकांचं दुखणं माझ्याकडे येतं, बरं झालं की घरी जातं. माझं म्हणाल तर ही हातोडी, कात्री, दाभण, आणि आत ती कॉट. हंगामात बरं मिळतं. हंगाम संपला की कधी कधी महिना महिना काम नसतं, तेव्हा ही उशांची कव्हरं शिवते त्यावर आम्ही जेवतो. दाखल्यात लिहिलंय तेवढंच मिळतं, एक पैसा जास्त नाही." आणि त्याने आकडा सांगितला. मोठ्याने, हॉलवाल्याच्या देखत, दार उघडं असताना. "मी झकास म्हणतो ती माझी खोड आहे. तिची शिक्षा पोरीला देऊ नका. ती माझ्यापेक्षा खरं बोलते."

शेजारचा रेडिओ केव्हाच बंद झाला होता.

"तपासनीस मॅडम," अध्यक्षीणबाई कॉटवरूनच म्हणाल्या, "हे पालथं फर्निचर फोटोत घ्या. मागच्या वेळी आपण फक्त वरची बाजू बघितली." मॅडम ओशाळून हसल्या आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी स्प्रिंगांचे फोटो काढले. मग अध्यक्षीणबाईंनी सुतळीला समोर बसवून विचारलं, "जनावरंच का गं?"

"ती खोटं सांगत नाहीत. दुखलं की दुखलं म्हणतात," सुतळी म्हणाली, आणि लगेच जीभ चावून बापाकडे बघितलं. अध्यक्षीणबाई इतक्या हसल्या की कॉटही त्यांच्याबरोबर हसली.

त्या गेल्यावर हॉलवाला खाकरला. "मिस्त्री, वाईट वाटलं हो ऐकून. हे आधी बोलायचं नाही का? असं करू, काम मी तुम्हालाच देत जातो, कायमचं. भाव तेवढा जरा बघून घ्या. रिकामं बसण्यापेक्षा बरं, काय?"

मिस्त्रीणबाईंनी डोळे मिटले. आलंच ते.

पण मिस्त्री हसत होता. त्यांनी डोळे उघडले तेव्हा तो खरंच हसत होता, खांद्यावरून पोतं उतरवलेल्या माणसासारखा. "भाव तोच, साहेब. उलट या सिंहांचे जास्त पडतील, यांची आतडी बदलायला हवीत. आजवर मला भीती होती, तुम्हाला कळलं तर काय होईल. आता कळलंय. आता मी कशाला भिऊ? पटत नसेल तर टेम्पो बोलवा. पण लग्नात नवरी स्प्रिंगेवर बसली तर मला विचारू नका."

हॉलवाल्याने सिंहाच्या डोक्यावरचा हात काढला. बराच वेळ त्याने गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवली. "जास्त म्हणजे किती जास्त?" त्याने विचारलं, आणि मिस्त्रीणबाईंना कळलं की हा गडी कुठे जात नाही.

मंजुरी महिना संपायच्या आत आली. फी पूर्ण, हॉस्टेलही. सुतळी फोन उंच धरून गल्लीतून ओरडतच आली, तिच्या मागे दोन कुत्री, बहुतेक भावी पेशंट. मिस्त्रीने बातमी ऐकली, हातोडी खाली ठेवली आणि उगाचच जाऊन नळाखाली तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

मिस्त्रीणबाई मात्र पायात चपला अडकवून बाहेर पडल्या. किराणावाला, पिठाची गिरणी, दवाखान्यातली नर्स, भेटेल त्याला थांबवून सांगत सुटल्या. "आम्हाला परवडत नव्हतं. अर्ज केला. मंजूर झाला!" दर वेळी पहिलं वाक्य बोलताना आवाज किंचित अडायचा. गिरणीपर्यंत पोचेतो अडायचा थांबला.

परत येताना इस्त्रीवालीने दुकानाच्या फळीआडून हळूच हाक मारली.

"वहिनी, जरा इकडे या. तो अर्ज कुठे मिळतो हो? म्हणजे माझ्यासाठी नाही. माझ्या ओळखीची एक आहे. तिचा मुलगा हुशार आहे, त्यालाही त्याच कॉलेजात जायचंय, पण ती जरा... तुम्हाला माहीतच आहे, लोकांपुढे नको वाटतं तिला."

इस्त्रीवालीचा मुलगा आत अभ्यास करत बसलेला मिस्त्रीणबाईंना स्पष्ट दिसत होता.

"ओळखीचीला म्हणावं, संध्याकाळी सगळे कागद घेऊन आमच्याकडे ये," त्या म्हणाल्या. "सुतळी भरून देईल. आणि रेडिओ तेवढा चालू ठेवून ये म्हणावं."