पिंकीची खार

सेलूच्या विमलबाई गणित शिकवून निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही सुटलं नाही. चारठाण्याच्या शाळेला कुणीतरी टाकून दिलेले नऊ संगणक मिळाले, तेव्हा त्यांच्यावर काहीच धड चालेना. बाईंनी जुन्या यंत्रांसाठीची एक फुकट लिनक्स प्रणाली शोधून काढली आणि तिच्यासाठी ब्राउझरचं पॅकेज, म्हणजे थेट बसवता येईल अशी प्रत, बांधायचं काम अंगावर घेतलं. मूळ ब्राउझरचा कोड सगळ्यांना खुला होता, पण तो लिहिलेला नव्या यंत्रांसाठी. बाई तो उतरवून घेत, जड भाग छाटत, आठ-आठ तास बांधणी चालवत आणि तयार पॅकेज सगळ्यांसाठी इंटरनेटवर चढवत.

मूळ ब्राउझरवाल्यांची अट एकच होती. कोड हवा तसा बदला, मात्र बदललेल्यावर आमचं नाव आणि चिन्ह लावू नका. बाईंना ती मनापासून पटली. "आपल्या वहीवर दुसऱ्याचं नाव घालतो का आपण?" असं विचारून त्यांनी ती मुलांनाही पटवली. मग पाचवीतल्या पिंकीनं एक खार काढली, तेच चिन्ह झालं. पोरं विचारत, "बाई, खार उघडू का?"

मंगळवारी नवी आवृत्ती घेऊन बाई शाळेत गेल्या, तर परमेश्वर संगणकांतलं लिनक्स पुसून दुसरी, विकत मिळणारी प्रणाली भरत बसलेला. सेलूत त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं; तोही बाईंचाच विद्यार्थी.

"तपासणीवाले आले होते," मुख्याध्यापक म्हणाले. "खार बघितली अन् लिहून गेले, ब्राउझर नकली आहे. अस्सल बसवा म्हणाले."

"मग हा बसवतोय ते अस्सल आहे का?"

परमेश्वर हसला. "पेनड्राइव्हमधलं हाय, बाई. विकत कोण घ्यायलंय? पण चिन्ह बराबर हाय ना!"

चार यंत्रं त्यानं उरकली होती. चारही पडद्यांवर गोल चकरी नुसती फिरत होती. स्कॉलरशिपची परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि मुलांचे सराव-पेपर ब्राउझरमध्येच उघडत.

"उरलेली पाच राहू दे रे."

"राहू देतो की. तुमी फक्त खार काढा, त्यांचं नाव अन् चिन्ह चिटकवा. आत काय हाय ते कोण बघायलंय?" मग तो मिस्कीलपणे म्हणाला, "सातवीत कॉपी केली म्हून मला तासभर उभं केलतं तुमी. ध्यानात हाय का?"

बाईंच्या ध्यानात होतं. त्यांनी चकऱ्यांकडे टक लावून बसलेल्या मुलांकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली. पाच यंत्रांना वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"आता कसं अस्सल दिसायलंय!" मुख्याध्यापक खूश झाले.

पिंकी पडद्यावर खार शोधत होती. "बाई, माझी खार नकली होती का?"

"नाही गं."

"मग काढली कशाला?"

एकच गोष्ट दहा वेळा विचारली तरी बाई दहा तऱ्हांनी समजावून सांगत. आज म्हणाल्या, "पेपर उघड. मी वेळ लावते."

निघताना परमेश्वरानं खिशावर थाप मारली. "एक कॉपी घेतली हं, बाई. त्यांच्या चिन्हासकट. लय हलकं चालायलंय तुमचं. अजून सहा शाळा हायत माझ्याकडं."

घरी येऊन बाईंनी इंटरनेटवरची पॅकेजची नोंद उघडली. सांभाळणाऱ्याच्या रकान्यातलं स्वतःचं नाव त्यांनी पुसलं. खाली कारण विचारलं होतं. त्यांनी लिहिलं, 'अट मोडली.'