रेतीखालची बाहुली

बळीराम रेतीला भ्यायचा. ऐकणारा हसेल, पण तोफगोळ्यांत दारू भरणाऱ्या शेडमध्ये ज्यानं एक पाळी काढली आहे तो हसणार नाही. दारूत रेतीचा कण घासला गेला तरी भडका उडू शकतो. म्हणून शेडच्या दारात लाल पट्टी असते. घरचे कपडे, घरचे जोडे पट्टीच्या अलीकडे उतरवायचे, हातपाय धुवायचे, कारखान्याचे कपडे चढवायचे आणि मगच पलीकडे पाऊल टाकायचं. लढाईमुळे काम दुपटीनं वाढलं, पण हा नियम कुणी मोडला नाही. तरी दिवाळीनंतर एका सकाळी भडका उडालाच. बळीराम पाणी प्यायला बाहेर आला होता. आत त्याचा जोडीदार रत्नाकर होता, तो गेला.

त्याच सकाळी घरून निघताना लहानग्या प्रतिमानं रेतीनं माखलेल्या हातांनी बापाच्या गळ्यात मिठी मारली होती. झालं! भीतीला बसायला पाट मिळाला. पोरीच्या हातची रेती माझ्या अंगावरून आत गेली आणि त्या रेतीनंच रत्नाकरला खाल्लं, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. हे बोललो आणि पोरीच्या कानावर गेलं तर जन्मभर तिच्या जिवाला घोर, म्हणून तोंडाला कुलूप. रांझी वस्तीतल्या आपल्या क्वार्टरपाशी आला की दाराबाहेरच चपला झटकत उभा राहायचा. पोर धावत आली की मागे सरकायचा.

"काहून असं करून राहिले जी?" बायको नर्मदा विचारायची, तर गडी न्हाणीघरात पळायचा.

भडक्यापासून बंद असलेलं शेड उद्यापासून पुन्हा सुरू होणार होतं आणि त्याचे हात अजून कापत होते. असे हात घेऊन दारूपाशी बसलो तर आणखी कुणाचा जीव घेईन, हा विचार पाठ सोडत नव्हता.

दुपारी प्रतिमाच्या बालवाडीतल्या बेबीताईंनी त्याला बोलावणं धाडलं. लढाईचे भोंगे वाजायला लागल्यापासून पोरं दचकायची, म्हणून बाईंनी एका मोठ्या लाकडी ट्रेमध्ये रेती भरून ठेवली होती. मनात येईल ते पोरांनी रेतीत मांडायचं, बाई नुसत्या शेजारी बसायच्या. उपदेशाचा डोस नाही की काही नाही.

बळीराम ट्रेपासून हातभर लांब थांबला. प्रतिमानं काड्यापेट्यांचं घर मांडलं होतं. दारासमोर बोटानं ओढलेली रेघ, आणि रेघेबाहेर लाकडी शिपाई.

"हे बाबा," ती म्हणाली.

"अन् तू कुठे आहेस?"

"रेतीखाली. मी दिसली की तुम्ही घाबरता."

व्हरांड्यात येऊन तो मटकन खाली बसला आणि मागोमाग आलेल्या बेबीताईंना पहिल्यांदाच सगळं सांगून मोकळा झाला.

"त्या दिवशी कपडे बदलले होते ना?" बाईंनी विचारलं.

"रोजच बदलतो. हातपाय धुऊन."

"मग रेती आत गेली कुठून, भैया?"

"कळते, ताई. पण वळत नाही."

"ते वळेल तेव्हा वळेल. पोर तिकडे दबून आहे, तिला आधी काढा."

तो आत आला. डोळे घट्ट मिटून त्यानं रेतीत बोटं घातली. रेती थंड होती, नखांत शिरत होती, आणि आता भडका उडेल असं वाटून त्याचं अंग आक्रसलं. काही झालं नाही. चाचपडता चाचपडता बोटांना चिंधीची बाहुली लागली. ती त्यानं वर काढली.

प्रतिमानं आपले हात पाठीमागे लपवले. "माझ्या हाताला रेती आहे."

"माझ्याही आहे, बघ."

"बाबा, तुमचे हात कापून राहिले."

"मला भीती वाटते, बेटा. उद्या साहेबाला सांगतो, हात थांबेपर्यंत मला दुसरं काम द्या."

पोरीनं शिपायाला रेघेच्या आत घेतलं, बाहुलीशेजारी उभं केलं. मग बिचकतच तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. रेतीचे कण कॉलरमधून आत घरंगळले. त्याचं अंग शहारलं, पण तो मागे सरकला नाही.