ठासूचा ट्रे

कामावर त्याला सगळे ठासू म्हणायचे आणि त्याचा त्याला काडीचाही राग नव्हता. उलट अभिमानच वाटायचा. घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत तो पॅकर होता. लोकांच्या कपबश्या, आरसे, पुस्तकं, थोरामोठ्यांच्या तसबिरी खोक्यांत घालायच्या आणि ती खोकी ट्रकमध्ये रचायची, हे त्याचं काम. आता रचणं म्हणजे काय, हे ठासूकडून शिकावं. दोन खोक्यांच्या मध्ये बोट जाता कामा नये! बोट गेलं की वळणावर खोकं हलणार, खोकं हललं की आतलं फुटणार. म्हणून फट दिसली रे दिसली की तिथे उशी कोंब, गालिचा कोंब, काहीच नाही मिळालं तर कागदाचे बोळे कोंब. ट्रक भरला की दार लावायच्या आधी दोन पावलं मागे सरकून तो फोनवर फोटो काढायचा. तसा कंपनीचा नियमच होता. पण तो फोटो घरी येऊन बायकोला दाखवायचा, हा नियम मात्र ठासूचा स्वतःचा.

बायकोही बिचारी चष्मा लावून पाहायची. "वा! मुंगी शिरायची नाही," म्हणायची. तेवढ्यावर हा दिवसभराचा शीण विसरायचा.

पण गेले तीन-चार महिने तिने ना फोटो पाहिला होता, ना धड जेवली होती. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं तिचं. झालं तेही उत्तम, टाके सुकले, डॉक्टरीणबाई खूश. फक्त भूक जी गेली ती परत यायचं नाव घेईना. काहीही तोंडात घातलं तरी म्हणायची, "ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतंय हो." दोन चमचे झाले की ताटली बाजूला. गालफडं बसली, अंगावरचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे दिसायला लागले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. सोमवारपर्यंत तोंडाने जेवण सुरू झालं नाही तर पुन्हा दाखल करून घ्यावं लागेल आणि नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. त्या नळीची तिला इतकी धास्ती होती की घरी येताना टॅक्सीत ती नाकाला पदर लावूनच बसली होती.

स्वयंपाकघर सध्या थोरल्या मेहुणीच्या ताब्यात होतं. ताई बहिणीसाठी म्हणून आठवडाभर आल्या आणि मुक्कामच ठोकला. दिवसभर सूप करायच्या. पालकाचं, गाजराचं, दुधीचं, तिन्हींचं मिळून एक. त्यांच्या सुपांना नावं ठेवायची घरात कुणाची बिशाद नव्हती, आणि ती सुपं पिण्याची बायकोच्या अंगात ताकद नव्हती.

त्यात तिला भलताच नाद लागलेला. पडल्या पडल्या फोनवर दुसऱ्यांचं रांधणं बघत बसायची. घासभर खाणार नाही, पण दिवसभर कुणी काय तळलं नि कुणी काय भाजलं, ते बघणार! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "बघून पोट भरतं का गं?" म्हणायच्या. ती नुसती कूस बदलायची.

शुक्रवारी संध्याकाळी ठासू कामावरून आला आणि तिच्या उशाशी टेकला, तर फोनवर एक बाई भल्यामोठ्या ट्रेमध्ये भाज्यांच्या फोडी मांडत होती. रंगीत ढोबळी मिरच्या, वांगी, कांदे, झुकिनी, छोटे टोमॅटो.

"तिसऱ्यांदा बघतेय," बायको म्हणाली. "भूमध्य समुद्राकडची आहे ही. तिकडे ऑलिव्हचं तेल आणि लसूण चोळून भाज्या अशा ओव्हनमध्ये भाजतात. वरून लिंबू पिळायचं, बस्स. कडा बघा ना कशा करपल्यात. ते काळं झालंय ना, तेवढंच खावंसं वाटतं बघा."

खावंसं वाटतं! ठासू ताडकन उठला. एवढ्या महिन्यांत हा शब्द घरात कुणी ऐकला नव्हता.

शनिवारी त्याने रजा टाकली आणि सकाळीच बाजार गाठून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परतला. स्वयंपाकघरात ओव्हन होता, पण जागेबरोबर आलेला. त्याचा उपयोग एवढाच की न लागणारे तवे आणि झाकणं त्यात ठेवलेली असायची. ठासू ती बाहेर काढायला लागला तशा ताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, चहा तरी करता येतो का तुम्हाला?"

"नाही येत."

"मग?"

"मग काय? आज शिकतो. चहा नंतर शिकेन," ठासू म्हणाला आणि बाह्या सरसावून बसला.

खोटं कशाला बोला, चिरलं त्याने झकास. सगळ्या फोडी एका मापाच्या. मोठ्या भांड्यात घालून त्यांवर तेल ओतलं, लसूण ठेचून घातली, मीठ, मिरपूड आणि वाळलेला ओरेगॅनो चुरडून टाकला आणि दोन्ही हातांनी असं चोळलं की फोड न् फोड तुकतुकीत झाली. ताई लांबून बघत होत्या आणि नाक मुरडायचं विसरल्या होत्या. इथवर सगळं छान चाललं होतं हो! मग त्याने ट्रे पुढे ओढला.

आणि माणूस हाताच्या सवयीपुढे हरतो तो असा. वांग्याच्या फोडी कडेने, एकमेकींना खेटून. आत मिरच्यांचे चौकोन, मध्ये झुकिनीच्या चकत्या. कुठे फट दिसली की कांद्याची पाकळी कोंबली, तरी उरलीच तर टोमॅटो दाबून बसवला. भांड्यातली शेवटची फोड ट्रेमध्ये गेली तेव्हा ट्रेचा तळ टाचणीच्या टोकाएवढाही दिसत नव्हता. ठासू दोन पावलं मागे सरकला, फोटो काढला आणि मगच ओव्हनचं दार लावलं.

व्हायचं तेच झालं. अर्ध्या तासाने ओव्हनच्या काचेवर आतून पाणी ओघळायला लागलं. दार उघडलं तर वाफेचा लोट, आणि खाली भाज्या आपल्याच पाण्यात गुडघाभर बुडालेल्या. वांगी राखाडी पडली होती, मिरच्यांची सालं सुटून तरंगत होती.

"हे उकडलंय हो, भाऊजी," ताई म्हणाल्या.

"थांबा, अजून थोडा वेळ ठेवतो." ठेवला. गिचका झाला.

बायकोने तरी त्याच्याकडे बघून एक चमचा तोंडात घातला. बराच वेळ तो घास तसाच धरून ठेवला. डोळ्यांत पाणी आलं तरी गिळवेना. शेवटी हळूच कागदात काढून ठेवला आणि त्याचा हात धरला.

"नका हो माझ्यासाठी एवढं करू," ती म्हणाली. "लावू देत नळी. लावली तर लावली."

ठासूच्या पायांखालची जमीनच सरकली. नळीला भिणारी बाई नळीला तयार झाली, म्हणजे तिने हातच टेकले की! तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन ट्रे घासत बसला. घासून झाला तरी घासतच होता. डोळे वाहत होते आणि साबणाचे हात असल्यामुळे पुसताही येत नव्हते. ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आता टोमणा येणार म्हणून त्याने मान खाली घातली.

"माझ्या सुपांचं रोज हेच होतं," ताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी बेसिनमध्ये ओतते आणि वरून नळ मोठा सोडते, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. धाकटी आहे हो ती माझी. मी काय करू, तुम्हीच सांगा."

ठासूने तिथलं फडकं त्यांच्यापुढे धरलं. त्या रात्री घरात कुणालाच जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी तो बायकोपाशी येऊन बसला. दुसऱ्या दिवशी सोमवार, त्यामुळे दवाखान्याचं बोलायची हिंमत नव्हती आणि दुसरं काही सुचत नव्हतं. मग नेहमीची खोड म्हणून त्याने फोन काढला आणि राहून गेलेले ट्रकचे फोटो तिला दाखवायला लागला. हा गुरुवारचा, यात पियानो होता. हा बुधवारचा, आठ माणसांच्या घराचा. फोटो सरकवता सरकवता कालचा ट्रे आला. त्याने घाईघाईने बोट मारलं, पण तिने फोन काढूनच घेतला.

ती फोटोकडे टक लावून बघत राहिली. मग तिची हनुवटी थरथरायला लागली, खांदे हलायला लागले. ठासू घाबरला.

"अगं, रडू नकोस. मी परत नाही असलं काही..."

पण ती रडत कुठे होती? पोटाशी उशी धरून ती हसत होती. आवाज फुटत नव्हता, टाक्यांचे वण ओढत होते, तरी थांबवत नव्हतं.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "भाज्या भाजायला ठेवल्यात की घर हलवायला काढलंय? ताई! अगं ए ताई, इकडे ये आधी!"

ताई धावत आल्या, फोटो पाहिला आणि पलंगाच्या कडेवर मटकन बसल्या. "वळणावर वांगं हलू नये म्हणून हो!" असं म्हणून त्यांनी जे हसायला सुरुवात केली, ते पदर तोंडात धरूनही आवरेना. ठासूचे कान लाल झाले. आधी वाईट वाटलं, तोंड फुगवून बसला. पण बायको हसताना बघून तो तरी किती वेळ धीर धरणार? तोही फिस्सकन हसला.

"ती बाई ट्रे कसा मांडते ते बघितलंत का नीट?" बायकोने डोळे पुसले. "अर्धा ट्रे मोकळा असतो तिचा."

"बघितलं की. मला वाटलं, हिला भरायची अक्कल नाही."

"तुम्हीच तेवढे शहाणे! अहो, वाफ जाणार कुठून? एकीला दुसरीपासून लांब ठेवा. चहूबाजूंनी आच लागली पाहिजे. आणि ओव्हन आधी कडक तापू द्या."

"अर्धा ट्रे मोकळा सोडायचा? हात धजत नाही गं माझा."

"ताई, तू उभी राहा त्यांच्या डोक्यावर," बायकोने फर्मान काढलं.

ताई लाकडी चमचा घेऊन उभ्या राहिल्या. पुन्हा चिरणं, पुन्हा तेल, लसूण, ओरेगॅनो. ओव्हन तापून लालबुंद झाला. ठासूने वांग्याची एक फोड ट्रेमध्ये ठेवली, दुसरी ठेवली आणि हात आपोआप तिला पहिलीकडे सरकवायला लागला. चमचा बोटांवर टपकन बसला. "लांब!" ताई ओरडल्या. तिसरीला पुन्हा तेच. एवढा पन्नाशीचा गडी, पण मधली रिकामी जागा बघून त्याची बोटं शिवशिवत होती. ट्रे भरला म्हणावा तर भरला नव्हता आणि भांड्यात निम्म्याहून जास्त फोडी शिल्लक.

"फोटो नाही काढायचा?" ताईंनी विचारलं.

"असला ट्रे कुणाला दाखवू? लाज जाईल माझी," म्हणत त्याने दार लावलं.

या वेळी काच कोरडी राहिली. थोड्या वेळाने आतून चुरचुर ऐकू यायला लागली. मग वास सुटला. आधी लसणीचा, मग कांद्याच्या कडा लागल्याचा, मग मिरच्यांचा गोडसर, धुरकट वास. तो स्वयंपाकघरात मावेना, बाहेरच्या खोलीत गेला, तिथून आत पलंगापर्यंत गेला असावा. कारण पलंग करकरला आणि सपाता फरफटत येण्याचा आवाज झाला. भिंतीला धरून बायको दारात उभी होती. इतके दिवस दोघांनी दंडाला धरल्याशिवाय ती उठली नव्हती.

"करपतंय," ती म्हणाली.

"करपू दे. तुलाच हवं होतं ना?" ठासूने ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवला. फोडी आक्रसून तांबूस झाल्या होत्या आणि कडांना काळी किनार आली होती. त्याने वरून लिंबू पिळलं तसा ट्रे चर्रकन वाजला.

ताई ताटली घ्यायला वळल्या, पण बायकोला तेवढा दम निघाला नाही. कांद्याची एक काळपट पाकळी तिने चिमटीत उचलली, फू-फू केलं आणि तोंडात टाकली.

दोघांनीही तोंडं फिरवली. ताई पुसलेला ओटा पुसायला लागल्या. ठासू पिळून झालेलं लिंबू पुन्हा पिळत राहिला. ती कागद मागते का, याकडे त्याचे कान लागले होते.

"गिळलंस का गं?" शेवटी ताईंना राहवलं नाही.

त्यांनी वळून पाहिलं तर तोंडात वांग्याची फोड होती आणि हात मिरचीकडे चालला होता. मग झुकिनी, मग टोमॅटो, मग पुन्हा कांदा. ती मान वर न करता खात होती आणि काळ्या कडांच्या फोडी आधी शोधत होती. ताईंनी चव बघायला म्हणून एक फोड उचलायला हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला. ट्रे रिकामा झाला तेव्हा खालचं तेलही तिने ब्रेडच्या तुकड्याने पुसून घेतलं. मग मान वर केली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"अगं, तूच म्हणालीस ना, लांब लांब ठेवा म्हणून..."

"म्हणून एवढंसंच करायचं? बाकीच्या कुठायत?"

"भांड्यात आहेत. लावतो, लगेच लावतो!"

ठासूने दुसरा ट्रे मांडला. घाई एवढी की फोडी आपोआपच लांब लांब पडल्या आणि ताईंना चमचा उगारावा लागला नाही. बायकोने स्टूल ओढलं आणि ओव्हनच्या काचेसमोर ठाण मांडलं.

"किती वेळ लागेल?"

"पाऊण तास तरी."

"पाऊण तास!" ती कडाडली. "तोवर मी काय करू? भूक लागलीय मला."

ताई होत्या तिथेच खाली बसल्या. ठासू ओव्हनच्या दारावर हात ठेवून उभा राहिला. चटका बसत होता, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"अहो, ऐकू येतंय ना? भूक लागलीय म्हणतेय मी."

"ऐकतोय गं," ठासू म्हणाला. "पुन्हा एकदा म्हण."