याकूब सरांच्या दरबारात बोरीची बाई

मिहिकाच्या तोंडाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली कुठे पडली ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या सेमिस्टरला ती स्टेजवर उभी राहिली, पाच मिनिटं माइककडे बघत राहिली आणि खाली उतरली. या वेळीही तसंच झालं तर इंग्रजीच्या विषयात नापास. आणि नापास झाली की इंग्रजी खलास, सरळ बिझनेसच्या कोर्सला. हे तिच्या बापाने, म्हणजे विलासने, शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसातून फोन करून बजावलं होतं. बिझनेसचा फॉर्म आणून टीव्हीशेजारी ठेवूनही झाला होता.

मिहिकाच्या आजीला, छायाबाईंना, त्या फॉर्मकडे बघवत नव्हतं. शिकत्या पोरीला मध्येच उठवणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पण करायचं काय आहे स्टेजवर?" त्यांनी विचारलं. रोल्लातल्या दोन खोल्यांच्या घरात त्या पालक निवडत बसल्या होत्या.

"फ्लायटिंग, आजी."

"ते काय असतं?"

मिहिकाने सांगितलं. पाचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या राजाच्या दरबारात दोन कवी समोरासमोर उभे राहायचे आणि एकमेकांना शिव्या द्यायचे. पण नुसत्या नाही, यमकात. एकेका अक्षरावर अख्खी ओळ तोलायची. एकाने दुसऱ्याचा बाप काढायचा, दुसऱ्याने पहिल्याची फाटकी चड्डी. राजा आणि राणी हसून हसून लोळायचे.

छायाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "आणि याचं तुम्हाला पुस्तक आहे?"

"इट्स लिटरेचर, आजी."

"अगं भवाने, मी बोरीची आहे!"

मिहिकाला बोरी ठाऊक नव्हती, मग तेही सांगावं लागलं. सातारा जिल्ह्यात एक ओढा. ओढ्याच्या या काठी बोरी, त्या काठी सुखेड. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून आपापल्या काठावर उभ्या राहतात, हलगी वाजते आणि मग समोरच्या गावाचा जो उद्धार सुरू होतो तो घशाला कोरड पडेपर्यंत. त्याला बोरीचा बार म्हणतात. छायाबाई सतरा वर्षांच्या होईपर्यंत दरसाल पहिल्या रांगेत असत.

"आम्हाला मेला राजा तेवढा मिळाला नाही," त्या म्हणाल्या. "ऊठ. हात कंबरेवर नको, हात वर. मनगट फिरव. शिवी हातातून निघते, तोंडातून फक्त आवाज येतो."

"समोर अंश आहे, आजी. ही इज रिअली गुड."

"कोण अंश?"

"दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधला. ओरिजिनली पुण्याचे आहेत ते."

"मग काय, तो शिवीसुद्धा माप लावून देणार. म्हण माझ्यामागे: कुजक्या कांद्या, काळ्या कुत्र्याच्या कानातल्या किड्या!"

मिहिका पुटपुटली. किडा कानातच मेला.

"मोठ्याने! आणि घाबरतेस कशाला? ओढ्यावर एकटी कुणीच नसते. एकीला खोकला आला की मागची पुढे सरकते. गावाची शिवी थांबली असं कधी झालं नाही."

मिहिका म्हणाली, "स्टेजवर एकटंच उभं राहतात."

ते छायाबाईंनी ऐकलं, पण डोक्यात घेतलं नाही.

कार्यक्रम मंगळवारी सकाळी कॉलेजात होता. मिहिकाचे इंग्रजीचे याकूब सर मूळचे केरळचे, जुन्या इंग्रजी कवितेवर जीव टाकणारे. कागदी मुकुट घालून ते ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत राजा होऊन बसले होते. खुर्ची जरा कलती होती, त्यामुळे राजा सारखा डावीकडे झुकत होता. छायाबाई नारळाच्या वड्यांचा डबा मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसल्या.

अंश पुढे आला. चष्मा, जाकीट, केस चोपून बसवलेले. तो इंग्रजीत बोलायला लागला आणि पोरं खिदळायला लागली. छायाबाईंना एवढं उमगलं की मिहिकाची कविता शारजा-दुबईच्या ट्रॅफिकसारखी आहे, जागची हलत नाही, असं काहीसं तो म्हणतोय. बरं होतं. छायाबाईंनी मनातल्या मनात चार आणे दिले.

मग मिहिकाची पाळी आली. ती उभी राहिली. तोंड उघडलं. मिटलं. हातातल्या कागदाकडे बघितलं. राजा डावीकडे झुकला.

"यल्ला, मिहिका, स्टार्ट," सर हळूच म्हणाले.

अंशने संधी साधली. त्याने एक ओळ टाकली, तिच्यात 'ग्रॅनी' शब्द होता, आणि सगळा वर्ग माना वळवून मागे बघायला लागला.

समोरचा काठ बोलला होता आणि आपल्या काठावर शांतता होती. छायाबाई उठल्या. डबा खुर्चीवर, पदर कंबरेला, उजवा हात वर.

"ए चोपड्या केसांच्या! तुझ्या बापाच्या वरातीत वाजंत्री उपाशी गेले, म्हणून तुझ्या पोटात अजून सनई वाजतेय! बोलतोस की ढेकर देतोस? तुझं जाकीट तुला घालून फिरतंय की तू जाकिटाला?"

ज्यांना मराठी येत होतं ते किंचाळले. ज्यांना येत नव्हतं तेही हात बघून किंचाळले. अंशला सगळं समजलं, हे त्याच्या कानांवरून कळत होतं.

"ऑन्टी, प्लीज," सर म्हणाले.

"आजी!" स्टेजवरून आवाज आला. एवढा मोठा आवाज त्या पोरीत होता, हे छायाबाईंना ठाऊक नव्हतं. "खाली बस! इट्स माय टर्न!"

"मग बोल की! सुखेडच्या म्हशीसारखी काय उभीयेस?"

"बोलते! तुझं तोंड म्हणजे रोल्लाचा बाजार, सकाळी उघडतं ते बंदच होत नाही, आणि सगळा माल जुना! तू तिसरीत शाळा सोडलीस ना, तेव्हा शाळेने गावभर पेढे वाटले!"

वर्ग फुटला. छायाबाईंचा हात हवेतच राहिला. शाळेचं ते दुखलं. पण काठावर उभं राहून दुखलेलं दाखवतात थोडंच?

"वाटले ना! तुझ्या आजोबांनी एकट्यांनी टोपलीभर खाल्ले. म्हणून तर ही असली नात, बोलायला गेली की जीभ टाळ्याला चिकटते!"

"चिकटते? बघ आता!" असं म्हणून मिहिका अंशकडे वळली. कागद खाली पडला, तिने पाहिलाही नाही. इंग्रजी असं धो धो सुटलं की छायाबाईंना एक शब्द कळला नाही, पण एकाच अक्षरावर आपटत जाणारी ओळ त्यांना ऐकू येत होती, आणि पोरीचा हात वर होता, मनगट फिरत होतं. अंशने चष्मा काढून पुसला. राजाचा मुकुट हसता हसता खाली पडला.

शेवटी सरांनी मुकुट उचलला आणि कारण नसताना गंभीर झाले. मिहिका उत्तम, पण दरबारात बाहेरून माणूस आणायची परवानगी नव्हती. दहा मार्क कट. एकसष्ट.

"ए भाईसाब," छायाबाई ओरडल्या, "तुम राजा है का क्लार्क?"

सर हसले, पण दहा मार्क त्यांनी परत दिले नाहीत. पास व्हायला साठ लागत होते.

टॅक्सीत बसल्या बसल्या विलासचा फोन आला. छायाबाईंनी तो नातीच्या हातातून घेतला.

"पास झाली. तो फॉर्म फाड."

"आई, सिक्स्टी-वन म्हणजे काय फार..."

"तुझे बारावीला किती होते, सांगू का तिला?"

"बरं, फाडतो," विलास म्हणाला आणि फोन बंद झाला.

मिहिका खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "आजी, ते शाळेचं... आय डिडन्ट मीन इट."

"लागलं मला."

"आय नो."

"कुठून सुचलं?"

"तूच एकदा म्हणाली होतीस. की तुला शाळेतून काढलं, तेव्हा बाईंनी एकदा येऊन विचारलंसुद्धा नाही."

छायाबाईंनी डबा उघडला, बंद केला. समोरची गाडी इंचभर सरकली.

"त्यात पेढे कुठे होते?"

"नव्हते. ते मी घातले."

छायाबाईंनी ते पेढ्यांचं वाक्य तोंडात घोळवून पाहिलं. पुन्हा एकदा. दुखलंच, पण जागच्या जागी बसत होतं, एक शब्द इकडचा तिकडे करता आला नसता.

"पेढे बरे घातलेस," त्या म्हणाल्या.