साफ केलेलं वादन

बाबा रेडिओ केंद्रात आवाज साफ करायचे. मुलाखतीला आलेले पाहुणे खाकरले किंवा बातम्या वाचणारी बाई अडखळली, की ते रेकॉर्डिंग बाबांच्या टेबलावर यायचं. खाकरणं, अडखळणं, खुर्चीची करकर ते अशी काही काढून टाकायचे की बोलणाऱ्यालाच वाटावं, अरेच्चा, आपण किती छान बोलतो! केंद्रात त्यांना खोडरबर म्हणत. बाबा वरवर चिडायचे, पण आतून त्यांना ते नाव भारी आवडायचं.

त्यांची एकुलती एक लेक म्हणजे मुंगी. अंगाने किडमिडीत म्हणून हे नाव, बाकी कुणाला हार जाणारी नव्हे. गणितात हुशार, आणि व्हायोलिन हातात घेतलं की घरातल्या घरात परकी वाटावी इतकी मोठी व्हायची. विद्यापीठात एक सोय होती. पाच वर्षांत इंजिनिअरिंग आणि संगीत, दोन्ही पदव्या घेता यायच्या. पण दोन्ही विभाग आपापली निवड वेगळी करायचे, आणि संगीतवाले शाळा संपेल त्याच वर्षी घ्यायचे, नंतर नाही.

"एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने नाही, तर गं?" आईने विचारलं.

"तर अर्धी मुंगी जाईल," मुंगी म्हणाली आणि तिघंही हसली.

इंजिनिअरिंगचा अर्ज बाबांनी फूटपट्टी ठेवून ओळ न ओळ वाचला. गुणपत्रिकेवरचा जन्मदिनांक तीनदा पडताळला. संगीताचा अर्ज मुंगीने एकटीने भरला आणि पालकांच्या सहीसाठी समोर धरला. बाबांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि सही ठोकून दिली.

"वाचलंस तरी का?"

"वाजवण्याच्या अर्जात वाचायचं काय असतं? वाजव म्हणजे झालं."

पोटच्या पोरीचं निम्मं आयुष्य त्या कागदावर होतं, आणि ह्या गृहस्थांना तो नजरेखालून घालायला दोन मिनिटं मिळाली नाहीत! मला त्यांची कीव येते, पण आधी राग येतो.

अर्जासोबत पाठवायचं रेकॉर्डिंग मुंगीला व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या खोलीत करून दिलं. ते पाठवायचं काम अर्थातच बाबांकडे आलं. दुपारी केंद्रात कानाला हेडफोन लावून त्यांनी ती अकरा मिनिटं ऐकली आणि त्यांचे डोळे भरून आले. मग सवयीने हात पुढे गेला. प्रत्येक ओळीआधी पोर नाकाने श्वास ओढत होती, तो काढला. कुठे पाय वाजला, तोही काढला. जिथे जिथे कानाला खटकलं तिथे तिथे त्यांनी पुसलं, शिवलं, सारखं केलं. चारचौघांत पाठवायची म्हणून लेकीची वेणी घालून द्यावी, इतक्या मायेने केलं. मग फाइल पाठवली आणि घरी अवाक्षर काढलं नाही. निवड झाल्यावर सांगून तिला चकित करायचं, असा बेत होता.

निकाल आला. इंजिनिअरिंगला प्रवेश, संगीताला नाही. कारण दिलेलं नव्हतं.

मुंगी रडली नाही. तिने व्हायोलिनची पेटी कपाटावर टाकली आणि पहिल्या वर्षाचं गणित उघडून बसली. तिसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, "बरं झालं, वेळेत कळलं. मला उगाचच वाटत होतं की मी बरी वाजवते."

हे बाबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी केंद्रातून संगीत विभागाला फोन लावला. पलीकडच्या कारकून बाईंनी अर्ज काढला.

"पालक म्हणून सही कुणाची आहे?"

"माझी."

"सहीच्या वर काय छापलंय? रेकॉर्डिंग जसं वाजवलं तसंच आहे, त्यात काहीही बदल केलेला नाही. अहो, अकरा मिनिटांत तुमची मुलगी एकदाही श्वास घेत नाही? अशी फाइल आम्ही परीक्षकांकडे पाठवतच नाही."

"चूक माझी आहे, बाई. तिला ह्यातलं काही माहीत नाही. मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, ह्या क्षणी पाठवतो."

"जागा भरल्या, साहेब."

"म्हणजे तिचं वाजवणं कुणी ऐकलंच नाही?"

"नाही."

घरी येऊन बाबांनी चपलाही काढल्या नाहीत. मुंगी जेवणाच्या टेबलाशी गणित सोडवत होती, आई भाजी चिरत होती. "तुला त्यांनी नाकारलं नाही गं," ते म्हणाले, आणि मग श्वासांपासून सहीपर्यंत सगळं सांगून टाकलं. आईची सुरी थांबली. पोरीने आकांडतांडव करावं, पेन फेकून मारावं, असं बाबांना मनापासून वाटत होतं.

मुंगीने शांतपणे विचारलं, "चौथ्या मिनिटाला सूर खरखरतो, ते पण काढलंस?"

"हो. ते तर आधी काढलं."

"ते मुद्दाम होतं, बाबा. गज तारेवर दाबून तसा आवाज काढायचा असतो. मी आणि बाईंनी दोन महिने तेवढंच बसवलं. तू तर रोज पलीकडच्या खोलीत असायचास. ऐकत होतास ना?"

ऐकत होते. रोज संध्याकाळी, दोन महिने.

"मला वाटलं," बाबा म्हणाले, "तुला तेवढी एक जागा जमत नाहीये."

 मुंगीने वही पुढे ओढली आणि अर्धवट राहिलेलं गणित सोडवायला घेतलं.