गोड्या पाण्याची आंघोळ

मी एक जुना, पाण्याखाली फोटो काढणारा कॅमेरा आहे. मला घडवले समुद्रासाठी, आणि मी राहतो कुठे, तर कुरखेड्याला, रुखमाबाई मेश्राम यांच्या फळीवर, तांदळाच्या डब्याशेजारी. इथल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. मला पहिल्यांदा बघून शेजारची कमळा म्हणाली होती, "बाई, हा रेडिओ वाजून काऊन नाई राह्यला?" तेव्हा मला राग आला होता. आता कोणी रेडिओ म्हणून का होईना, पण हाक मारावी असे वाटते.

मित्रांनो, माझा जन्म जपानचा. जाड काच, मजबूत अंग आणि मागच्या झाकणाला आतून रबराची कडी. तिच्यामुळे पाण्याचा थेंबही आत येत नसे. रुखमाबाईंचा एकुलता एक मुलगा हरिदास प्राणिशास्त्र शिकून अंदमानात नोकरीला लागला. तिथे त्याने मला एका परदेशी पाहुण्याकडून विकत घेतले, तेही जुना म्हणून.

१९८५ च्या हिवाळ्यात हरिदास आणि पाण्याखालच्या फोटोंचे वेड असलेले त्याचे मित्र एक बोट घेऊन निघाले. जेवण बोटीवर, झोप बोटीवर. सकाळ झाली की पाठीवर हवेची टाकी बांधून दोघादोघांनी पाण्यात उतरायचे. खाली एकट्याने जायचे नाही, हा पक्का नियम. काय वैभव होते ते! जांभळी, पिवळी प्रवाळे, आणि माझ्या काचेत आपलेच तोंड बघून घाबरणारे मासे. वर आलो की हरिदास मला गोड्या पाण्यात बुडवून ठेवी. रोल बदलताना रबराची कडी काढून पुसे, तिला ग्रीस लावी. इतके लाड माझे पुन्हा कोणी केले नाहीत.

शेवटच्या दिवशी पाण्याखाली त्याच्या जोडीदाराने, सेल्वमने, मला आपल्या हातात घेतले आणि हरिदासकडे वळवले. सगळ्यांचे फोटो काढणाऱ्या हरिदासचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. त्याने तोंडातली नळी क्षणभर काढली आणि तो खळखळून हसला. बुडबुड्यांची रांग वर गेली. ते हसू माझ्या पोटात उतरले. रोलमध्ये आता एकच फोटो उरला होता.

तो हरिदासने आईसाठी राखला. घरी आल्यावर म्हणाला, "माय, अंगनात उभी राय, तुहा फोटू काढतो."

रुखमाबाईंनी हात हलवला. "एकच उरला ना? मंग आत्ता काऊन वाया घालवतं? तुह्या लग्नात काढजो."

लग्न उन्हाळ्यात होते. हरिदासला ते पटले. पुढच्या सफरीला ऑफिसचा कॅमेरा मिळणार होता, म्हणून त्याने मला घरीच ठेवले. निघताना आईला समजावले, "याले गोड्या पान्यात बुडवत जाजो, नाई त मीठ याले खाऊन टाकते. पन उघडजो नको. उजेड लागला का आतले फोटू मरतेत."

"अन् तू खाली असला का वरच्याले कसं समजते रे?"

"बुडबुडे येतेत ना माय! बुडबुडे दिसले का समजाचं, मानूस खाली हाय."

त्या सफरीत वादळ आले. बोट परत आली नाही. कोणाचाच पत्ता लागला नाही. रुखमाबाई मात्र म्हणत राहिल्या, "कुठीतरी लागली असन बोट."

दर पौर्णिमेला विहारातून आल्या की त्या विहिरीचे पाणी शेंदत, घमेल्यात ओतत आणि मला आंघोळ घालत. मग पुसून झाकणाच्या फटीवर बाहेरून टोरीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल लावत. समुद्राचे मीठ केव्हाच धुऊन गेले होते, पण त्यांचा हात थांबला नाही. जवळच्या वडसा गावचे गुलाबभाऊ नाटक मंडळ्यांचे फोटो काढत. एकदा ते म्हणाले, "बाई, रोल द्या, मी धुऊन देतो."

"एक फोटू बाकी हाय भाऊ. तो आला का काढन."

मला ओरडावेसे वाटले, 'द्या हो बाई! तुमचा हरिदास आत आहे!' पण कॅमेऱ्याला तोंड कुठे असते? आणि आतली कडी ग्रीसवाचून वाळत चालली होती.

एका पौर्णिमेला ती तडकली. खोल समुद्राने जे केले नाही ते घमेल्यातल्या पाण्याने केले. पाणी आत शिरले, माझ्या अंगातली हवा बुडबुडे होऊन वर निघाली. रुखमाबाई दचकल्या. मग घमेल्यावर वाकल्या, अगदी माझ्या काचेसमोर, आणि हसल्या. तेच हसू, हुबेहूब हरिदासचे! उरलेला तो एक फोटो नेमका समोर होता, आणि बटण दाबायला कोणी नव्हते. बुडबुडे संपेपर्यंत त्यांनी मला वर काढले नाही.

पुढे गुलाबभाऊंनी झाकण उघडले, ते पुन्हा कधी लागले नाही. आत नुसता काळा लगदा. रुखमाबाईच त्यांची समजूत काढत म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, मासेच असतीन त्यात. तो आला का दुसरे काढन."

मित्रांनो, वस्तू जपा, पण जपायची म्हणून कायमची बंद करून ठेवू नका. आणि कोणी मायेने 'उभी राहा, फोटो काढतो' म्हणाले, तर 'पुढच्या वेळी' म्हणू नका. पौर्णिमा येते, रुखमाबाई अजूनही मला घमेल्यात ठेवतात आणि वाकून बघत बसतात. माझ्यात आता हवा उरलेली नाही.