कळशीच्या गळ्यावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची कळशी आहे, आणि शामरावांनी आज माझ्याशी जे केलं ते कुणी दारच्या केरसुणीशीही करू नये. मला भरलेली उचलायची ह्यांच्यात ताकद नाही, पण माझ्या गळ्यावर नाव मात्र ह्यांचं हवं.

तिथे आधीच एक नाव आहे, उर्दूत. परळच्या ह्याच चाळीत शेजारच्या खोलीत हमीदाबी राहायची. तिच्या लग्नात मला घेतलं, तेव्हा घातलेलं. तिचा नवरा गोष्टी लिहायचा आणि ती स्वयंपाक करत असताना तिला वाचून दाखवायचा. एका गोष्टीतला माणूस दंगलीत सगळं गमावतो, स्वतःचं नावही विसरतो. मग ज्या दारी पाणी मिळेल, त्या घरचं नाव लावून पुढे चालू लागतो. मला तो बावळटच वाटला.

फाळणीच्या साली ती दोघं निघून गेली. जाताना हमीदाबीनं मला ह्या घरच्या कमळाबाईंच्या हातात दिलं. म्हणाली, "इसमें पानी भरती रहना. मैं लेने आऊँगी."

कमळाबाईंची शाळा दुसरीतच सुटली, पण दिलेला शब्द त्यांना पुरतो. रोज मला भरतात. चिंचेनं खसाखसा घासतात, गळ्यापाशी मात्र नुसता अंगठा फिरवतात. तरी अक्षरं झिजलीच. ते नाव हमीदाबीचं होतं की तिच्या आईचं, मलाही आता सांगता येत नाही. नळावर बायका खोचकपणे विचारतात, ही कळशी नक्की कुणाची हो? कमळाबाई म्हणतात, जिची आहे तिची.

शामराव हे त्यांचे चिरंजीव, कचेरीत कारकून. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत तेव्हा ह्यांच्या अंगात नेमका ताप भरायचा. राज्य मिळालं आणि ताप उतरला. आज आई बाजारात गेलेली बघून ह्यांनी भांड्यांवर नावं घालणाऱ्या आनंदाला वर बोलावलं. त्या जुन्या रेघोट्या ठोकून सपाट कर म्हणाले, आणि वर घाल शामराव, खाली महाराष्ट्र राज्य. आनंदा चाचरला, साहेब, ही कुणाची तरी खूण दिसते. तर म्हणे, इतक्या वर्षांत आलंय का कुणी?

आनंदानं छिन्नी टेकवली, पण जुनी अक्षरं सोडून त्यांच्या वरच्या अंगाला. ह्या घरी पाणी मिळालं, म्हणून आता मीही ह्यांचं नाव लावायचं? मित्रांनो, कुणाची ठेव तुमच्या घरी असेल तर तिच्यावरचं नाव जपा. वाचता येत नसलं तरी जपा.

'शा' उमटला आणि दारात कमळाबाई. भाजीची पिशवी तिथेच टाकून त्यांनी मला उचललं. जुन्या अक्षरांवर अंगठा फिरवला, ती शाबूत होती. आनंदानं विचारलं, नवं अक्षर ठोकून सपाट करू का? त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि लेकाकडे वळल्या.

"राहू दे ते. हमीदा आली की विचारेल हे काय, तेव्हा तूच सांग तिला, शाम. मोर्च्याला जायची ज्याची छाती झाली नाही, त्यानं आईची पाठ वळल्यावर एका बाईच्या कळशीवर मर्दुमकी गाजवली म्हणावं."